जड पाणी

मी ब्लॅक फॉरेस्टची. आमच्याकडे पाणी ग्रॅनाइटवरून येतं,
दगडाचं काही न घेता, संकोची पाहुण्यासारखं.
साबण नुसता दाखवला तरी फेस.
लग्न होऊन माइनकाठच्या या चुनखडीच्या गावात आले,
आणि पहिल्याच सोमवारी धुणं धुताना
साबणाला फेस येईना, माझ्या तोंडाला आला.
सासूबाई दारातून म्हणाल्या,
"इथलं पाणी जड आहे. होईल सवय."
आणि गेल्या.

सवय म्हणजे काय काय, ते कळायला वर्ष गेलं.
किटलीच्या बुडाशी आधी साय धरावी तसा पापुद्रा,
मग कवच. उकळताना आत कुणी खडे चाळतंय असा आवाज.
शॉवरची एक धार भिंतीवर, एक थेट डोळ्यात,
बाकीची भोकं बुजलेली.
ओटमारचे पांढरे शर्ट सहा महिन्यांत
फेब्रुवारीच्या आभाळाच्या रंगाचे.
इस्त्री ऐन रविवारच्या ब्लाउजवर पांढरं थुंकायची.
आणि मसूर! दोन तास शिजवले,
सालं सुटून वर आली, दाणा दाताखाली तसाच.
सासूबाईंचे मात्र लोण्यासारखे.
विचारलं, तर म्हणाल्या, "हाताचा गुण."

ओटमारनं एकदा द्राक्षमळ्याच्या बांधात
दगडात रुतलेला शिंपला दाखवला.
"इथं समुद्र होता," म्हणाला, स्वतःच आणून सोडल्यासारखा.
होता कशाला, मी म्हटलं, आहे की.
दर शनिवारी व्हिनेगर ओतून
मी तोच तर किटलीतून काढते.
तो हसला. मी नव्हते हसले.

पण एक गोष्ट डोक्यातून जाईना:
कुनिगुंडे सासूबाईंचे केस.
अडुसष्टाव्या वर्षी अंबाडा सोडला
की खांद्यावरून घरंगळत जायचे,
आणि माझे, सव्विसाव्या वर्षी,
कंगव्याशी भांडणारे, वाळलेल्या गवताचे.
कुठंतरी पाणी मुरत होतं.

तिसऱ्या वर्षी, नोव्हेंबरात, कोंबड्यांचं जुनं खुराडं पाडताना
मागे सापडलं: लाकडी पिंप,
झाकणावर वीट,
पन्हाळीचा एक फाटा गुपचूप आत वळवलेला.
पावसाचं पाणी. काळं, थंड, वर बर्चचं एक पान.
मी कोपरापर्यंत हात घातला.
माहेर होतं ते.

झाकण लावलं. वीट होती तशीच, किंचित तिरकी, ठेवली,
निदान मला तसं वाटलं.
कुणाला काही बोलले नाही.
पुढच्या शनिवारी न्हाणीघरातल्या स्टुलावर
एकाऐवजी दोन जग.
दुसऱ्याचा कान तुटलेला.
शेजारी खायच्या सोड्याची पुडी, वर पेन्सिलीनं:
मसुरात. चिमूटभरच.

यावर आम्ही दोघी पुढची एकोणीस वर्षं
एक शब्द बोललो नाही.
शेवटी शेवटी त्यांचे केस मीच धुवायचे.
पाणी कोमट करून, पिंपातलंच.
डोळे मिटून त्या म्हणायच्या, "अजून थोडं,"
आणि थोडं म्हणजे किती, ते कधी सांगायच्या नाहीत.

आता लोरेन्झनं तळघरात यंत्र बसवलंय.
मिठाच्या गोण्या खातं, रात्री घोरतं.
पेले लख्ख. शर्ट पांढरे. सगळं कसं छान.
पण हाताचा साबण सुटल्यासारखाच वाटत नाही,
निसरडं, निसरडं,
कुणी गोड बोलून काही लपवत असल्यासारखं.
आणि कॉफीला कणा नाही.

बागेतल्या नळाला ते यंत्र जोडायचं राहिलंय.
पहाटे, सगळे उठायच्या आत, मी तिथून पातेलंभर आणते.
माझी जुनी किटली पुन्हा खडे चाळू लागली आहे.
सुनेला, फ्राउकेला, वाटतं
मी जिरेनियमना पाणी घालते.
वाटू दे.